गिऱ्हाईक समोर असताना

सिद्रामअण्णा आमच्या घरी आले की दारातच चपला काढत, खुर्चीच्या अगदी कडेला बसत, सदऱ्याच्या खिशातून आठ घड्या घातलेला कागद काढून माझ्यापुढे उलगडत आणि पहिला प्रश्न ठरलेला असे : “बाई, ह्यातलं क्रियापद कुटं हाय?”

कागद सरकारी असे. कधी कराचा, कधी अन्नपरवान्याचा, कधी वजनमापाचा. सोलापुरात बाळीवेशीजवळ आमच्या गल्लीच्या तोंडाशी अण्णांचे किराणा दुकान होते. मी एकतीस वर्षे शाळेत मराठी आणि इंग्रजीचे व्याकरण शिकवले. मी निवृत्त झाले त्याच सुमारास जीएसटी लागू झाला आणि अण्णांचा मुलगा शिवकुमार नोकरीसाठी पुण्याला गेला. तोपर्यंत असे कागद वाचण्याचे काम त्याच्याकडे होते. विवरणपत्रे भरायला एक सल्लागार होता, पण तो “मी बघतो, तुम्ही काळजी करू नका” एवढेच म्हणे. अण्णांना काळजी करायची नव्हती, समजून घ्यायचे होते. या दोहोंत फरक आहे, आणि तो ओळखणारी माणसे मला शाळेतही फारशी भेटली नव्हती.

पहिल्याच दिवशी मी त्यांना सांगितले की वाक्य कितीही लांब असले तरी बिचकू नये. आधी क्रियापद शोधावे. मग ‘कोण’ असे विचारून कर्ता काढावा, ‘काय’ असे विचारून कर्म काढावे. उरलेला पसारा आपोआप जागेवर बसतो. आठवीच्या वर्गाला जे सांगत होते तेच सांगितले. अण्णांनी ते मंत्रासारखे धरले. मात्र दुसऱ्याच कागदावर ते अडले. कागदात लिहिले होते, ‘सुधारणा करण्यात येत आहे.’

“क्रियापद घावलं,” अण्णा म्हणाले, “पन कर्ता घावंना की.”

मी त्यांना कर्मणी प्रयोग समजावून सांगितला. त्यांनी मान डोलावली. “हा प्रयोग आमच्या घरातबी हाय. सून सनाला आली आन् दूद उतू गेलं, की म्हनती, दूद उतू गेलं. कुनी घालवलं ते न्हाय सांगत.”

अण्णा मूळचे अक्कलकोटकडचे. घरात कानडी, दुकानात मराठी, आणि गल्लीतल्या पद्मशाली बायकांशी कामापुरते तेलुगू. एखादी गोष्ट पूर्ण समजली की ते कानडीत “आयतु” म्हणत, म्हणजे झाले, संपले. ‘आयतु’ म्हटल्याशिवाय ते खुर्चीवरून उठत नसत. त्यांचे ‘आयतु’ ऐकण्यासाठी मी एकच वाक्य तीन-तीन प्रकारे फोडून सांगितल्याचे मला आठवते. वर्गात ‘समजले का?’ असे विचारले की सगळी मुले ‘हो’ म्हणतात. अण्णा न समजता ‘हो’ म्हणत नसत.

दुकानात गल्ल्याच्या मागे त्यांनी एक दगडी पाटी टांगली होती. शिवकुमारची, पहिलीतली. तिच्यावर त्यांनी खडूने तीन उभे रकाने आखले होते : आधी, आता, कधीपासून. नवा नियम आला की तो त्या रकान्यांत लिहिला जाई. गिऱ्हाइकाने “साबण का महाग?” किंवा “पिशवी का नाही?” असे विचारले की अण्णा तोंडाने उत्तर न देता मागे पाटीकडे बोट दाखवत. त्यांनी जकात पाहिली होती, विक्रीकर पाहिला होता, व्हॅट पाहिला होता, एलबीटी येताना आणि जातानाही पाहिली होती. या येण्याजाण्याला इतर दुकानदार शिव्या घालत. अण्णा म्हणत, “कायदा म्हंजे पावना. न सांगता येतो, आन् जाईल कवा ते सांगत न्हाय. आपन पाट मांडून ठिवावा.” खोबरेल तेल खायचे की केसांना लावायचे यावरून कराचा दर बदलतो, हे वाचल्यावर मात्र त्यांनी कागद खाली ठेवला. मग म्हणाले, “बाई, हे नारळाला ठावं हाय का?”

एका पावसाळ्यात डाळी, तांदूळ आणि पिठाच्या बांधीव पाकिटांवर कर आला. सुट्या मालावर तो नव्हता. सुटे कशाला म्हणायचे आणि बांधीव कशाला, यावर बाजारात आठवडाभर वाद चालला. अण्णा कागद घेऊन आले. कराच्या कागदाने ती व्याख्या वजनमापाच्या कायद्यातून उसनी घेतली होती, म्हणून आम्ही त्या कायद्यापर्यंत गेलो. वाक्य इंग्रजीत होते. मी त्याचे मराठी करून दिले : ‘खरेदीदार समोर नसताना, ठरावीक मापाने, कोणत्याही वेष्टनात भरून ठेवलेली वस्तू.’ अशा वस्तूवर नाव, वजन, किंमत, बांधल्याचा महिना आणि तक्रारीचा पत्ता छापणे बंधनकारक होते.

अण्णांनी ते पुन्हा वाचायला लावले. मग स्वतःच्या शब्दांत मांडले. “म्हंजे गिऱ्हाइकाच्या डोळ्यादेखत बांधलं तर पुडी. पाठीमागं बांधलं तर पाकीट.”

“बरोबर.”

“चांगला हाय की हो कायदा.” ते खरेच खूश झाले होते. “माझा बाप हेच सांगायचा. गिऱ्हाईक समोर असताना ताजवा उचलायचा. त्याचा डोळा काट्यावर पायजे.” त्या दिवशी पाटीवर एकच ओळ लिहिली गेली : गिऱ्हाईक समोर पाहिजे. तिला ‘आधी’ आणि ‘आता’ हे रकाने त्यांनी ठेवले नाहीत. ओळ आडवी, पाटीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत होती.

आता मला माझी चूक सांगितली पाहिजे.

माझे यजमान सूतगिरणीत वजनकाट्यावर होते. कापसाच्या गाठी तोलण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्तीनंतर दर गुरुवारी किराणा आणायला ते स्वतः जात, आणि अण्णांच्या ताजव्यासमोर हात मागे बांधून उभे राहत. दोघे बोलत नसत. काटा स्थिर झाला की हे मान हलवत आणि अण्णा पुडी बांधत. मग यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणेही गेले. समज पूर्ण शाबूत होती. डॉक्टर माझ्याशी बोलत, नातेवाईक माझ्याशी बोलत, औषधवाला मला विचारी. हे तिथेच, त्याच खोलीत असत, आणि त्यांच्याविषयीचे सगळे त्यांच्या डोक्यावरून ठरत असे. मीही तसेच करू लागले होते, आणि ते माझ्या ध्यानात आले नव्हते.

यांना घरात एकटे सोडून दुकानात थांबणे मला जमेना. मी अण्णांना म्हटले, “आमचे सामान आधीच बांधून ठेवत जा. मी येता-जाता उचलीन.”

“गिऱ्हाईक समोर न्हाय की, बाई.”

“आपल्यात कसले समोर आणि मागे, अण्णा?”

व्याख्या मीच शिकवली होती आणि अपवादही मीच मागितला. अण्णांनी मला नाही म्हटले नाही. त्यांनी पुडे बांधले, त्यांवर पेन्सिलीने आमचे आडनाव आणि वजन लिहिले. आमचे पाहून गल्लीतल्या आणखी काही म्हाताऱ्या माणसांनी तसेच सांगितले. कुणाचे गुडघे गेलेले, कुणाला दिसत नव्हते. खालच्या फळीवर दर बुधवारी संध्याकाळी पुड्यांची एक रांग लागू लागली.

याच काळात शिवकुमारने वडिलांकडून एक शब्द घेतला. अण्णांची सत्तरी उलटली होती. बायको जाऊन बरीच वर्षे झाली होती, मुलगा आणि सून पुण्यात, आणि इकडे रोज नवे नियम. शिवकुमार आठवीला माझ्या वर्गात होता. शांत, विचार करून बोलणारा मुलगा. त्याला वाटे, की एखाद्या दिवशी अण्णांच्या हातून काहीतरी चुकेल आणि आयुष्यभर जपलेले नाव जाईल. तो माझ्याच घरी बसून म्हणाला, “अण्णा, आजवर तुम्हाला एकही नोटीस आलेली नाही. पहिली नोटीस आली की थांबायचं. शब्द द्या.”

अण्णांनी चहाची कपबशी खाली ठेवली. “एक नोटीस आली तर बंद करीन,” ते म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. “भविष्यकाळ. प्रथम पुरुष, एकवचन. कर्ता लपवला न्हाय, बाई. बघून घ्या.”

मी हसून पूर्ण गुण दिले.

मुलाला दिलेला शब्द मोडणारे अण्णा नव्हते, आणि दुकानावाचून अण्णा म्हणजे काय उरतील याची कल्पना मला करवत नव्हती. पुण्यातल्या सातव्या मजल्यावर ते कुणाला पाटी दाखवणार होते?

त्या हिवाळ्यात एका गुरुवारी सकाळी मी पुडे घ्यायला गेले, तेव्हा वजनमाप खात्याचे निरीक्षक दुकानात उभे होते. तरुण होते, बोलायला सौम्य. ताजवा पाहिला, मापांवरचे शिक्के पाहिले, पाटी वाचून कौतुकही केले. मग त्यांची नजर खालच्या फळीवर गेली.

“हे काय आहे, काका?”

“नेहमीच्या गिऱ्हाइकांचं सामान हाय.”

“आधीच बांधलंय? वजन लिहिलंय, पण किंमत नाही, महिना नाही, तक्रारीचा पत्ता नाही.”

“तक्रारीचा पत्ता?” अण्णांनी इकडेतिकडे पाहिले. “समदे हितलेच हायत की. तक्रार असली तर हितं येऊन भांडत्यात.”

निरीक्षक हसले, पण त्यांनी वही उघडली. “गिऱ्हाइकासमोर बांधलं असतं तर प्रश्न नव्हता. होतं का कोणी समोर?”

तेव्हा मी बोलले. एकतीस वर्षांत मुलांना खोटे बोलू नका असे किती वेळा सांगितले असेन! मी पुढे झाले आणि म्हणाले, “होय साहेब. मी होते समोर. आत्ताच बांधून घेतलेत. बाकीचेही येऊन गेले, देवळात गेले आहेत.”

निरीक्षकांचा हात थांबला. मला वाटते, त्यांना ते मान्य करायचे होते.

अण्णांनी गल्ल्यावरून माझ्याकडे पाहिले. रागाने नाही. एखादे हुशार मूल पाढ्यात चुकल्यावर आपण जसे पाहतो, तसे. “तुमी न्हवता, बाई,” ते म्हणाले. “काल सांच्याला तुमी घरी त्यास्नी भरवत होता. मी हितं एकला होतो.” मग निरीक्षकांना म्हणाले, “लिवा साहेब. गिऱ्हाईक समोर न्हवतं.”

निरीक्षकांनी नोटीस लिहिली. अण्णांनी सही केली. कागद वाचताना त्यांनी मला क्रियापद विचारले नाही. ते त्यांचे त्यांनाच सापडले होते.

त्या दुपारी त्यांनी स्वतः पुण्याला फोन लावला. नोटीस आली एवढेच सांगितले, कोणासाठी पुडे बांधले होते ते सांगितले नाही. शिवकुमार पुढच्या गुरुवारी रजा काढून येतो म्हणाला. दंडाची रक्कम अण्णांनी दुसऱ्याच दिवशी भरून टाकली. “शिकवनीची फी म्हना,” ते मला म्हणाले. मी त्यांची क्षमा मागितली. त्यांनी ती ऐकून घेतली. म्हणाले, “बाई, त्या वाक्यात ‘समोर’ असं हाय. ‘दुकानात’ असं हाय का?”

मी आठवून पाहिले. “नाही. फक्त ‘समोर’.”

“आयतु,” अण्णा म्हणाले आणि उठले.

पुढच्या गुरुवारी सकाळी अकरा वाजता आमच्या दारात अण्णा उभे होते. खांद्यावर बापाच्या वेळचा पितळी ताजवा, हातात मापांची पेटी. मागे शिवकुमार, दोन्ही हातांत डाळी आणि ज्वारीच्या पिशव्या, चेहऱ्यावर काहीच न समजल्याचा भाव. दुकानाला कुलूप लावायला आलेल्या मुलाला बापाने सांगितले होते, “आदी फेरी, मग कुलूप.”

यांच्या पलंगावर छताला पाळण्याची जुनी कडी होती. अण्णांनी शिवकुमारला स्टुलावर चढवून तिला दोरी बांधायला लावली आणि ताजवा यांच्या डोळ्यांच्या पातळीवर टांगला. मग ते पलंगापुढे उभे राहिले, दुकानात उभे राहत तसेच.

“काय देऊ, साहेब?” त्यांनी विचारले. मला नाही, यांना.

यांनी माझ्याकडे पाहिले. मी काही बोलणार, तेवढ्यात अण्णांनी हातानेच मला थांबवले. वेळ लागला. मग यांनी डाव्या हाताने तुरीच्या पिशवीकडे बोट केले आणि एक बोट उभे धरले. एक किलो.

अण्णांनी माप ठेवले, डाळ ओतली. काटा हलला, सावकाश थांबू लागला. अण्णांनी सवयीने वर एक चिमूट टाकली. यांनी मान हलवली, नाही म्हणून. अण्णा थांबले. यांनी पुन्हा मान हलवली आणि बोटाने काढायची खूण केली. पारडे चिमूटभर झुकले होते. सूतगिरणीतल्या माणसाला कमी चालत नव्हते, तसे जास्तही चालत नव्हते. अण्णांनी दोन बोटांनी मोजके दाणे उचलून परत पिशवीत टाकले. काटा मध्यावर आला. यांनी मान हलवली. या वेळी होकाराची.

“बाई, गिऱ्हाईक समोर हाय,” अण्णा म्हणाले. “आता पुडी बांधतो.”

मी चहाच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले आणि थोडा वेळ तिथेच उभी राहिले. झटक्यानंतरच्या आठ महिन्यांत यांना कोणी ‘काय देऊ?’ असे विचारले नव्हते. मीसुद्धा नाही.

चहा घेऊन बाहेर आले तेव्हा शिवकुमार ताजव्याकडे पाहत बसला होता. मग म्हणाला, “अण्णा, तुम्ही मला शब्द काय दिला होता?”

“एक नोटीस आली तर बंद करीन.”

“काय बंद करीन?”

अण्णा गोंधळले. “काय म्हंजे?”

“कर्ता होता, क्रियापद होतं. कर्म कुठं होतं? बाई, तुम्हीच सांगा. काय बंद करायचं ते अण्णा म्हणालेच नाहीत.” पूर्ण गुण देताना ते माझ्याही नजरेतून सुटले होते. शिवकुमार पुढे म्हणाला, “नोटीस पुड्यांना आलीय. पुडे बंद करा.”

अण्णा लगेच आनंदले नाहीत. आधी माझ्याकडे वळले. “बाई, हे खोटं तर न्हाय?” दुकान वाचत असतानाही त्यांना आधी हे विचारायचे होते.

“नाही, अण्णा,” मी म्हणाले. “वाक्य अपुरे होते. त्याने ते पूर्ण केले.”

त्यानंतर किती गुरुवार गेले ते मी मोजले नाही. ताजवा दर आठवड्याला त्या कडीला लागे, आणि तिथून गल्लीतल्या बाकीच्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाई. नव्या इलेक्ट्रॉनिक काट्याबद्दल कोणी सुचवले की अण्णा म्हणत, “त्यात आकडा दिसतो. ह्यात मानूस बघतो.” ताजवा आणि मापे मुदतीत तपासून, शिक्का मारून आणण्यात त्यांनी कधी एका दिवसाचाही उशीर केला नाही. त्याच निरीक्षकांची एकदा बदलीपूर्वी गाठ पडली, तेव्हा त्यांनी ही फेरी पाहिली. काही लिहिले नाही. फक्त मापांचे शिक्के पाहून पेटी अण्णांच्या हातात परत दिली आणि जिना उतरेपर्यंत त्यांच्या पिशव्या धरल्या.

अलीकडे पुन्हा एकदा दर बदलले, या वेळी बहुतेक उतरले. अण्णांना तेव्हा धाप लागत होती. तरी ते कागद घेऊन आले. साबण, बिस्किटे, तूप, एकेक ओळ वाचून घेतली. पाटीवर लिहायला हात उठेना, म्हणून त्यांनी सांगितले आणि मी लिहिले. ‘आधी’च्या रकान्यातले पुसू लागले तेव्हा म्हणाले, “ऱ्हाऊ द्या बाई. लोकास्नी कळू द्या, उतरतंबी.” त्यानंतर महिन्याभरात, एका सोमवारी दुपारी, दुकानाच्या मागच्या खोलीत ते झोपेतच गेले.

दिवसकार्य झाल्यावर शिवकुमारने दुकान आवरले. पाटी त्याने पुण्याला नेली. ताजवा आणि मापांची पेटी माझ्याकडे आणून दिली. “बाई, शिक्का पुढच्या वर्षापर्यंत आहे,” एवढेच म्हणाला. अण्णांचाच मुलगा.

आता मी मोठ्या दुकानातून सामान आणते. पाकिटांवर सगळे छापलेले असते : नाव, वजन, किंमत, महिना, तक्रारीचा पत्ता. कायद्याप्रमाणे त्यांत काहीही उणे नाही. पहिल्या गुरुवारी मी ती पाकिटे फडताळात लावत होते. अकरा वाजले तशी यांनी मान दाराकडे वळवली, आणि मग छताच्या कडीकडे.

मी स्टूल घेतले. दोरी बांधायला मला वेळ लागला. तुरीचे पाकीट फोडले, मापाच्या समोरच्या पारड्यात ओतले आणि पलंगापुढे उभी राहिले. काटा थांबेपर्यंत आम्ही दोघे पाहत होतो. यांनी नीट पाहिले, मान हलवली. आणि झटक्यानंतर या घरात फारसा न ऐकलेला त्यांचा आवाज, जड, अर्धा तुटलेला, मी ऐकला.

“आय... तु.”